सूचना : रविवारच्या कच्च्या रस्त्यावरील मोटारसायकल सरावाबाबत

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता सर्वांनी पुणे-बंगळूर महामार्गावरील लिंब फाट्याजवळ जमावे. तेथून आपण जागामालकांची परवानगी घेतलेल्या माळरानावर सरावासाठी जाऊ.

- आयएसआय चिन्हाचे हेल्मेट, गॉगल, हातमोजे, गुडघा व कोपराचे गार्ड आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे टणक बूट अनिवार्य आहेत. गाडी कलंडली की पाय बहुधा तिच्याखालीच सापडतो, म्हणून खर्चात काटकसर करायचीच असेल तर ती जर्सीत करावी, बुटांत नव्हे. स्पोर्ट्स शूज घालून आलेल्यांना गाडी चालवू दिली जाणार नाही.
- मातीत पकड वाढावी म्हणून टायरमधील हवा थोडी कमी करता येते. मात्र ती फार कमी केल्यास ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होते. परतताना डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पूर्ववत भरावी, त्यासाठी पंप सोबत असावा.
- नोंदणी नसलेल्या डर्ट बाइक (खास कच्च्या रस्त्यासाठीच्या मोटारसायकली) सार्वजनिक रस्त्यावर चालवणे बेकायदेशीर असल्याने त्या टेम्पोतूनच आणाव्यात.
- नवोदितांना प्रथम फूटपेगवर (पाय ठेवण्याच्या दांड्यांवर) उभे राहून, टाकी गुडघ्यांनी धरून गाडी चालवण्याचा सराव दिला जाईल.

रानफुलांसाठी संरक्षित असलेल्या कास पठारावर गाड्या नेण्याचा आग्रह कृपया कोणीही धरू नये.