परदेशात जाताय, औषधांची पिशवी आधी भरा

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या चोपड्याकडून आता बरेच आईवडील पोरांकडे दुबई, अमेरिकेला जातात, बॅगेत कळण्याचं पीठ, बिबड्या, काळा मसाला सगळं आठवणीनं भरतात पण औषधं मात्र शेवटच्या रात्री कोंबतात. माझ्या आईनं बीपीच्या न शुगरच्या गोळ्या पाकिटातून काढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत एकत्र केल्या होत्या, कोणती कशाची तिलाच सांगता येईना, मला तर धडकीच भरली. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेतच, खाली सामानात ते गोठून खराब होऊ शकतं. दुबईला ट्रामाडॉल, कोडीनवाली औषधं (म्हणजे काही जोरदार दुखण्याच्या गोळ्या न खोकल्याची औषधं) आधी परवानगी काढल्याशिवाय नेऊच नका, आणि हो, खसखस पण तिथं चालत नाही. केनियाला वगैरे जाणाऱ्यांनी यलो फीवरची (डासांमुळे होणाऱ्या एका तापाची) लस निदान 10 दिवस आधी टोचून घ्या, एकदा घेतली की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं.

तिकीट बुक करून देणाऱ्यांनी एवढं तरी म्हाताऱ्या माणसांना बसवून सांगावं ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, चोपडा, जि. जळगाव