वटवाघळे गावातच मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की खानापूरच्या जंगलात निसर्गफेऱ्या सुरू होतात आणि तळेवाडीकडच्या बारापेडे गुहांची चौकशीही. तिथले रॉटनचे वटवाघूळ शास्त्राला १९१३ मध्ये इथल्याच नमुन्यांवरून कळले. त्यानंतर जवळजवळ ९० वर्षे जगात दुसरीकडे कुठे त्याचा पत्ता नव्हता. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियात सापडले. ते पाहावेसे वाटणे साहजिक आहे. पण गुहेत टॉर्च आणि मोबाइलचे फ्लॅश चमकले, की पिल्लू पोटाशी घेतलेली मादी दचकून उडते. पिल्लू सुटून खाली पडले तर सहसा वाचत नाही. वर्षाला एखादेच पिल्लू होणाऱ्या प्राण्याला हे परवडत नाही. २०११ पासून हा भाग भीमगड अभयारण्यात आहे. तिथे संशोधकांनी परवानगी काढून जावे, सहली नेऊ नयेत.

लोकांना शिकवायला गावच्या वडा-चिंचेवर लटकणारी मोठी वाघळे पुरेशी आहेत. पंख पसरले की चार फूट भरणारा हा प्राणी आंधळा नाही, केसांत अडकत नाही आणि रक्तही पीत नाही. हे व्याख्यानात सांगून फारसे कुणाला पटत नाही. संध्याकाळी मोजायला उभे केले की पटते.

मोजणीला दहा-बारा माणसे आणि एक वही लागते. सूर्यास्ताआधी पंधरा मिनिटे जागेवर असावे. झाडाखाली उभे राहू नये. अंगावर घाण पडते आणि वाघळेही बिथरतात. पन्नास-साठ पावले लांब, आकाश मोकळे दिसेल असे थांबावे. मावळतीकडे तोंड असेल तर उत्तम, कारण तिथला उजेड शेवटपर्यंत टिकतो. प्रत्येक जोडीला आकाशाचा एक तुकडा वाटून द्यावा, उदाहरणार्थ देवळाच्या कळसापासून विजेच्या खांबापर्यंत. हद्द आधी ठरली नाही तर तेच वाघूळ दोघांच्या वहीत जाते. सूर्यास्तानंतर साधारण वीस-तीस मिनिटांनी पहिली निघतात, मग झुंबड उडते. त्या वेळी दहा-दहाच्या गटाने मोजावे आणि दर दहाला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकावा. अंधारात वहीकडे पाहायला मान खाली गेली की वीस-पंचवीस निसटलीच.

सगळ्यात जास्त चूक घिरट्यांमुळे होते. कित्येक वाघळे उडून एक फेरी मारतात आणि परत फांदीला लटकतात. म्हणून ठरवलेली हद्द ओलांडून बाहेर गेलेलीच धरावीत, परत आलेली वजा करावीत. जोडीतल्या दोघांनी एकमेकांना न सांगता मोजावे. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर ती संध्याकाळ बाद धरून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. लागोपाठ तीन संध्याकाळी मोजून तिन्ही आकडे, चंद्र, ढग आणि वारा यांच्या नोंदीसह लिहावेत. नुसती सरासरी लिहिली की पुढच्या वर्षी तुलना करता येत नाही.

देवळाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातली पाकोळी, म्हणजे किडे खाणारे लहान वटवाघूळ, हा वेगळा धडा. तिच्याखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरावे. सकाळी तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून लेंड्या गोळा कराव्यात. कोरड्या लेंड्यांची धूळ फुप्फुसाला घातक ठरू शकते. उंदराची लेंडी कडक असते, पाकोळीची चिमटीत भुगा होते. तो भुगा पाण्याच्या थेंबात सुईने मोकळा करून दहापट भिंगाखाली धरला, की किड्यांच्या पंखांचे आणि कवचांचे चकाकणारे तुकडे दिसतात. हे पाहिल्यावर ऊस-तंबाखू पिकवणाऱ्यांना पाकोळीचा उपयोग वेगळा समजवावा लागत नाही.

निपाहचा प्रश्न हमखास येतो, तो टाळू नये. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत २०२० मध्ये या विषाणूचा माग लागला होता, हे खरे आहे. म्हणून उष्टे फळ खाऊ नये आणि पडलेल्या वाघळाला उघड्या हाताने उचलू नये. मात्र वड तोडून किंवा खाली धूर करून धोका वाढतो, कारण हुसकलेली वाघळे वस्तीतच विखुरतात. फळखाऊ वाघळांना उपद्रवी ठरवणारी १९७२ च्या कायद्यातली यादीही २०२२ च्या दुरुस्तीत निघाली आहे.

माहितीचा फलक मराठी आणि कन्नड दोन्हींत असावा. कन्नडमध्ये या प्राण्याला 'बावलि' म्हणतात. मराठी मुलांना त्यात आधी बाहुली ऐकू येते, मग हसण्यातूनच नाव लक्षात राहते.

मोजणी दिवाळीच्या आठवड्यात मात्र ठेवू नये. फटाक्यांनी वाघळे झाड सोडतात आणि त्या वर्षीच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आपले,
दोन निसर्ग अभ्यासक, खानापूर (जि. बेळगाव)