खिळ्यांच्या खोक्यावरून घालवलेला माणूस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर आला की आपल्याकडे सोव्हिएत युनियन कसं मोडलं यावर काहीतरी छापून येतं आणि दरवेळी त्यात गोर्बाचेव्ह असतात, रशियाचे येल्तसिन असतात, फार तर युक्रेनचे क्रावचुक, पण ज्या बैठकीत सोव्हिएत युनियन मोडलं तिच्यासाठी येल्तसिन आणि क्रावचुक ज्याच्याकडे पाहुणे म्हणून जमले होते त्या बेलारूसच्या स्तानिस्लाव शुश्केविच यांचं नाव एका ओळीत उरकतात नाहीतर गाळूनच टाकतात. मी आयुष्यभर हायस्कूलमध्ये फिजिक्स शिकवलं, हा माणूस पण फिजिक्सचाच प्रोफेसर, त्यामुळे मला ते जरा जास्तच लागतं, म्हणून लिहितोय.

१५ डिसेंबर १९३४ चा जन्म, गाव मिन्स्क. वडील कवी, आणि तेवढंच पुरेसं होतं स्टालिनच्या त्या काळात, १९३६ साली त्यांना उचललं, पोरगं दोन वर्षांचंही नव्हतं. वडलांच्या कपाळावरचा गुन्हेगाराचा शिक्का पुसला गेला तो १९५६ मध्ये, आणि त्याच साली मुलाने युनिव्हर्सिटीतून फिजिक्सची डिग्री घेतली. पुढे मिन्स्कच्या रेडिओ कारखान्यात इंजिनिअर असताना पार्टीने त्यांना एक काम सांगितलं, कारखान्यात आलेल्या एका अमेरिकन पोराला रशियन शिकवायचं. तो पोरगा म्हणजे ली हार्वे ओस्वाल्ड, ज्याच्यावर १९६३ ला केनेडींच्या खुनाचा ठपका आला. लोकांना शुश्केविच माहीत असतात ते याच एका किश्शामुळे, बाकीचं काही माहीत नसतं.

राजकारणात ते आले ते पन्नाशी उलटल्यावर, आणि कारण होतं चेर्नोबिल. अणुभट्टी युक्रेनातली, पण वारं असं फिरलं की किरणोत्सर्गी धूळ सगळ्यात जास्त पडली बेलारूसवर, आणि सरकार लोकांना धड काही सांगेना. फिजिक्सवाल्या माणसाला हे गप्प बसून बघवत नाही हो, मी समजू शकतो. १९८९ ला ते मॉस्कोच्या संसदेत निवडून गेले, १९९१ च्या ऑगस्टमधलं गोर्बाचेव्हविरुद्धचं कट्टर कम्युनिस्टांचं बंड फसल्यावर बेलारूसच्या संसदेचे अध्यक्ष झाले, म्हणजे तेव्हाच्या रचनेप्रमाणे देशाचेच प्रमुख.

आणि मग ८ डिसेंबर १९९१. पोलंडच्या बॉर्डरजवळचं बेलोवेझचं जंगल, त्यात विस्कुली नावाचा शिकारीचा बंगला. मूळ बोलणी करायची होती हिवाळ्यासाठी तेल आणि गॅस मिळवायची, पण बोलता बोलता विषय मुळाशी गेला आणि सोव्हिएत युनियन आता अस्तित्वात राहिलेलं नाही असा कागद तयार झाला, टायपिस्ट सोबत नव्हती म्हणून तिथल्या जंगलाच्या ऑफिसमधल्या बाईंना टाइपरायटरसकट बोलवून घेतलं. गोर्बाचेव्हना फोन करून हे सांगायचं काम आलं शुश्केविचांवर. तो फोन लागेपर्यंत तिकडे येल्तसिननी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना सांगून पण टाकलेलं, त्यामुळे गोर्बाचेव्ह भडकले. एवढं प्रचंड साम्राज्य संपलं आणि त्या दिवशी गोळी एक सुटली नाही, याचं श्रेय यजमानाला थोडं तरी द्याल की नाही?

मला स्वतःला त्यांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच वाटतं. नव्या देशाच्या वाट्याला ८१ फिरती अण्वस्त्र क्षेपणास्त्रं आलेली, म्हणजे सौदा करायला केवढी मोठी संधी, पण यांनी बदल्यात काही न मागता ती रशियाला परत द्यायची ठरवली. म्हणणं साधं होतं की ही अस्त्रं आमच्या जमिनीवर असतील तर युद्धात पहिला बॉम्ब आमच्यावरच पडणार. १९९६ च्या नोव्हेंबरात शेवटचं क्षेपणास्त्र गेलं पण तोवर ते खुर्चीवर नव्हते.

घालवलं कसं ते ऐका. लुकाशेन्को तेव्हा भ्रष्टाचारविरोधी समितीचे अध्यक्ष, १९९३ च्या डिसेंबरात त्यांनी रिपोर्ट वाचला, बऱ्याच जणांची नावं, आणि त्यात शुश्केविचांवर आरोप काय तर घराच्या कामासाठी सरकारी खिळ्यांचं खोकं वापरलं! खिळे! तो आरोप कधी सिद्ध झाला नाही, पण १५ जानेवारी १९९४ ला क्लिंटन मिन्स्कला येऊन गेले आणि २६ तारखेला संसदेने मतदान घेऊन यांना काढलं. उन्हाळ्यातल्या निवडणुकीत यांना जेमतेम १० टक्के मतं, जिंकले लुकाशेन्को, आणि तेव्हापासून खुर्ची सोडलेलीच नाही.

चूक शुश्केविचांची पण होती, ती मी झाकणार नाही. १९९२ ला लवकर निवडणुका घ्या म्हणून लोकांनी ४ लाख ४० हजारांवर सह्या गोळा केल्या, जुनी कम्युनिस्ट संसद बरखास्त करून घ्यायची हीच वेळ होती, पण ते त्या मागणीच्या पाठीशी उभे राहिले नाहीत, चर्चेने समजूत पटेल असं त्यांना वाटत राहिलं. ज्या संसदेला त्यांनी वाचू दिलं तिनेच त्यांना घालवलं.

पुढचं मात्र आम्हा पेन्शनवाल्यांना वाचवत नाही. त्यांची पेन्शन एका आकड्यावर गोठवून ठेवली, महागाई भत्ता वगैरे काही नाही, तिकडे रुबल घसरत गेला आणि २००२ पर्यंत ती महिन्याला दोन डॉलरच्या आत आली, एका माजी राष्ट्रप्रमुखाची! कोर्टात गेले, उपयोग झाला नाही. मग परदेशात लेक्चरं देऊन घर चालवलं, पण मिन्स्क सोडलं नाही, २० वर्षं एका छोट्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचं अध्यक्षपद सांभाळलं.

मे २०२२ ला कोविडनंतरच्या आजारात ८७ व्या वर्षी गेले. त्याआधी दोनच महिने लुकाशेन्कोंनी सार्वमत घेऊन राज्यघटनेतलं अण्वस्त्रमुक्त देशाचं कलम काढून टाकलं होतं, आणि पुढच्याच वर्षी रशियाने आपली अण्वस्त्रं परत बेलारूसमध्ये नेणार असल्याचं जाहीर केलं.

तर संपादकसाहेब, विनंती एवढीच की यंदा १५ डिसेंबरला एक कॉलम त्यांच्यावर द्या. फोटो विस्कुलीतल्या सह्यांचा द्या, क्रावचुक आणि येल्तसिन यांच्या मध्ये बसलेत ते शुश्केविच, आणि खाली नाव पूर्ण छापा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सांगली