पूर्ण स्तन काढायचा की फक्त गाठ? आई-बाबांना पत्र

पुणे

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

आईच्या स्तनाच्या कॅन्सरच्या बायोप्सीचा, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, रिपोर्ट फोटोंतून मिळाला. बाबा, दुसऱ्या पानाचा फोटो थोडा हलला आहे, पण जे पाहायचे होते ते सगळे वाचता आले. काल फोन केला तेव्हा मामा आणि शेजारच्या काकू समोरच बसलेल्या होत्या, त्यामुळे मोकळेपणाने बोलता आले नाही. शिवाय हा विषय तुटक तुटक बोलण्यापेक्षा सलग लिहिलेला बरा, म्हणजे तुम्हाला तो सावकाश वाचता येईल आणि जे पटणार नाही त्याखाली रेघ मारून ठेवता येईल.

प्रश्न एकच आहे. डॉक्टरांनी फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन द्यावे असे सुचवले आहे. मामांचे, काकूंचे आणि बाबा, तुमचेही म्हणणे असे की एकदाच पूर्ण स्तन काढून टाकावा, म्हणजे कायमचा घोर मिटेल. मला डॉक्टरांचे म्हणणे योग्य वाटते. मी डॉक्टर नाही, कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पण या एका प्रश्नावर जेवढे काटेकोर संशोधन झाले आहे तेवढे वैद्यकशास्त्रात फार थोड्या प्रश्नांवर झाले असेल, आणि ते वाचून समजावून सांगणे मला जमण्यासारखे आहे.

आधी रिपोर्ट. गाठ 1.8 सें.मी., ग्रेड 2 (तीनपैकी मधली), ‘ईआर 8/8’, ‘हर-टू 1+’. यातला ईआर म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनला पकडणारे प्रथिन. आठापैकी आठ गुण याचा अर्थ आईच्या गाठीतल्या जवळजवळ सगळ्या पेशींत ते भरपूर आहे आणि त्या पेशी वाढण्यासाठी इस्ट्रोजेनवर अवलंबून आहेत. ही तोट्याची नव्हे, फायद्याची बाब आहे, कारण जे तिला वाढवते ते तोडता येते. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचे दुसरे प्रथिन. साधारण 15 ते 20 टक्के रुग्णांमध्ये ते प्रमाणाबाहेर असते आणि आजार आक्रमक होतो. त्यावर 1998 पासून ट्रास्टुझुमॅब हे औषध आहे. 1+ म्हणजे निगेटिव्हच, तेव्हा आईला ते लागणार नाही. काकूंच्या नणंदेला कोणती औषधे दिली आणि तिचे केस किती गेले, हे ऐकून घाबरून जाऊ नका असे मी म्हणते ते यासाठीच. नाव एक असले तरी हे वेगवेगळे आजार आहेत.

आता मूळ मुद्दा. ‘जितके जास्त काढाल तितके सुरक्षित’ हा विचार मामांच्या डोक्यातून निघालेला नाही; तो एके काळी जगातल्या सर्वोत्तम सर्जनचा विचार होता. अमेरिकेत बाल्टिमोर येथे विल्यम हाल्स्टेड यांनी 1894 मध्ये 50 रुग्णांवरच्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांची समजूत अशी की कॅन्सर गाठीपासून पायरीपायरीने बाहेर सरकतो, आधी काखेत आणि मग पुढे. म्हणून ते स्तन, त्याखालचा छातीचा स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी (या कॅन्सरच्या नव्हेत, शरीरातल्या नेहमीच्या लसिकाग्रंथी) एकत्र काढत. पुढची पाऊणशे वर्षे बहुतेक ठिकाणी हेच चालले. बायकांच्या छातीच्या फासळ्या कातडीखाली दिसत, हात सुजून जड होई, आणि तरीही पुष्कळ जणींचा आजार काही वर्षांनी हाडात किंवा यकृतात उगवे. लंडनमध्ये जेफ्री केन्स (बाबा, अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे हे धाकटे भाऊ) 1920च्या दशकातच लहान शस्त्रक्रिया आणि रेडियमच्या सुया यांवर भागवत होते, पण त्यांचे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर यांनी उलट विचार मांडला. गाठ हाताला लागते तोवर काही पेशी रक्तात गेलेल्या असू शकतात. गेल्या असतील तर छातीवर कितीही मोठे ऑपरेशन केले तरी त्या माघारी आणता येत नाहीत, आणि गेल्या नसतील तर लहान ऑपरेशन पुरते. म्हणजे आयुष्य किती हे छातीवरच्या जखमेच्या आकारावर ठरत नाही. हे नुसते बोलून भागणारे नव्हते, म्हणून त्यांनी 1971 पासून चाचण्या सुरू केल्या. कोणत्या स्त्रीला कोणते ऑपरेशन हे डॉक्टरने किंवा तिने न ठरवता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायचे, म्हणजे दोन्ही गट सारखे राहतात. सहकारी सर्जन चिडले, काहींनी रुग्ण पाठवायला नकार दिला. पण चाचण्या पूर्ण झाल्या.

बाबा, तुम्ही चादरीच्या कारखान्याचे हिशेब सांभाळलेत, तेव्हा आकडेच लिहिते. इटलीत मिलान येथे उम्बेर्तो वेरोनेसी यांनी 2 सें.मी.पर्यंतच्या गाठी असलेल्या, म्हणजे अगदी आईसारख्या, 701 स्त्रिया घेतल्या. निम्म्यांचे हाल्स्टेडचे मोठे ऑपरेशन केले, निम्म्यांचा स्तनाचा फक्त चौथा भाग काढून रेडिएशन दिले. 20 वर्षांनी स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या स्त्रिया मोठ्या ऑपरेशनच्या गटात शेकडा 24 आणि लहानाच्या गटात शेकडा 26 होत्या, म्हणजे योगायोगाने पडावा इतकाच फरक. फिशर यांच्या 1,851 स्त्रियांच्या चाचणीतही 20 वर्षांनी जगण्यात फरक दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष 2002 मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. हे आकडे जुन्या काळातले आहेत. तेव्हा आजची औषधे नव्हती, त्यामुळे शेकडा 24 हा आकडा आईला लावू नका. लावायचा तो फक्त फरक, आणि तो नाही.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. स्तन ठेवला तर त्याच स्तनात पुन्हा गाठ येण्याची शक्यता थोडी जास्त राहते. फिशर यांच्या चाचणीत नुसती गाठ काढलेल्यांत ती 20 वर्षांत शेकडा 39 जणींना आली, रेडिएशन घेतलेल्यांत शेकडा 14 जणींना. अशी गाठ वेळेवर सापडली तर तेव्हा स्तन काढता येतो. पूर्ण स्तन काढणे कधीच योग्य नसते असेही नाही. गाठी अनेक ठिकाणी असतील, स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल, रेडिएशन देणे शक्य नसेल किंवा आनुवंशिक दोष सापडला असेल तर डॉक्टर स्वतःच तसे सांगतात. आईच्या बाबतीत यातले काहीच नाही.

रेडिएशनबद्दल बाबांनी विचारले की एवढे दिवस रोज खेपा कशाला. पूर्वी ते पाच-सहा आठवडे चाले, आता बहुतेक तीन आठवड्यांत संपते. वय 65 किंवा त्याहून जास्त, गाठ 3 सें.मी.पर्यंत, काख स्वच्छ (म्हणजे तिथल्या गाठींत कॅन्सर नाही) आणि इस्ट्रोजेन रोखणारी गोळी चालू, अशा 1,326 स्त्रियांवर स्कॉटलंडमधून चालवलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. रेडिएशन न घेतलेल्यांपैकी दहा वर्षांत शेकडा साडेनऊ जणींना त्याच स्तनात पुन्हा आजार झाला, घेतलेल्यांपैकी शेकडा एकीला. जगण्यात फरक पडला नाही. म्हणजे काखेचा रिपोर्ट चांगला आला तर रेडिएशन टाळण्याची वाट आईला खुली आहे. तरी माझे मत घ्यावे असेच आहे. गोळी नियमित घेणाऱ्यांचा हा हिशेब आहे, आणि आई, तुझ्या बीपीच्या गोळ्यांचे पाकीट महिन्याअखेर किती भरलेले असते ते मी पाहिलेले आहे. गाठ डावीकडे असल्यामुळे खोल श्वास रोखून धरायला लावून रेडिएशन देण्याची सोय आहे का, तेवढे मात्र विचारा. श्वास भरला की हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते.

काखेतल्या सगळ्या गाठी आता काढत नाहीत. ऑपरेशनच्या वेळी निळा रंग टोचतात, तो ज्या पहिल्या एक-दोन गाठींत पोचतो तेवढ्याच तपासतात. त्या स्वच्छ असतील तर बाकीच्यांना हात लावत नाहीत, आणि हात सुजण्याची भीतीही खूप कमी होते. दुसऱ्या दिवशी लघवीला हिरवट-निळा रंग येईल, तेव्हा आई, घाबरून बाबांना सिस्टरकडे पिटाळू नकोस.

त्यानंतरची गोळी बहुधा लेट्रोझोल असेल, निदान पाच वर्षे. हिची मुळे फार जुनी आहेत. ग्लासगोचे जॉर्ज बीटसन यांना गायीचे अंडाशय आणि तिचे दूध यांचा काही संबंध आहे हे ठाऊक होते; त्यावरून त्यांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या स्त्रियांचे अंडाशय काढून पाहिले आणि काहींच्या गाठी विरघळल्याचे 1896 मध्ये प्रसिद्ध केले, तेही इस्ट्रोजेनचे नाव कोणाला माहीत नसताना. पुढे गर्भनिरोधक म्हणून फसलेले टॅमॉक्सिफेन याच आजारावर उपयोगी ठरले. ईआर पॉझिटिव्ह स्त्रियांनी ते पाच वर्षे घेतले तर या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. पाळी गेल्यानंतर अंडाशय थांबले तरी चरबीच्या पेशी थोडे इस्ट्रोजेन तयार करत राहतात. लेट्रोझोल नेमके ते बंद पाडते. त्याची किंमत हाडांना आणि सांध्यांना मोजावी लागते, म्हणून सुरुवातीलाच हाडांची घनता तपासून घ्यायची आहे.

काकू म्हणतात, ‘सुई टोचली की पसरतो.’ मामा म्हणतात, सगळे कापा. दोघे एकाच सोफ्यावर बसून हे कसे बोलतात याचे मला कौतुक वाटते. बायोप्सीच्या सुईमुळे कोणाचे आयुष्य कमी झाल्याचे दिसलेले नाही, आणि बायोप्सी नसती तर वरचा एकही निर्णय घेता आला नसता.

आई, तू विचारलेस की माझे काय चुकले. काही नाही. स्त्री असणे आणि वय वाढणे हीच सर्वांत मोठी कारणे आहेत. बाकीचा बराचसा हिशेब इस्ट्रोजेनचा: पाळी लवकर येणे, उशिरा जाणे, मुले कमी किंवा उशिरा होणे, पाळी गेल्यावर वजन वाढणे. अंगावर पाजल्याने धोका कमी होतो, दर बारा महिन्यांमागे सुमारे 4 टक्क्यांनी; आम्हा दोघांना तू भरपूर पाजलेस, तरी झाले, कारण धोका कमी होणे म्हणजे नाहीसा होणे नव्हे. ही कारणे लाखो बायकांच्या सरासरीत दिसतात, एकीच्या आयुष्यात बोट ठेवून दाखवता येत नाहीत. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद होते, देशातली अशी ती पहिली नोंदणी. खेड्यातल्या बायकांत या आजाराचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी, हे तिथल्या कर्मचाऱ्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या माहितीतूनच स्पष्ट झाले.

माझी काळजी करू नका. आनुवंशिक कारण शंभरात पाच-दहा जणींनाच असते. मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 मध्ये 17व्या गुणसूत्रावर ज्याची जागा दाखवली तो बीआरसीए-वन जनुक आणि त्याचा जोडीदार बीआरसीए-टू बिघडले तर डीएनएची दुरुस्ती नीट होत नाही. तुझे वय, गाठीचा प्रकार आणि घरात दुसरे कोणी नसणे पाहता ती शक्यता कमी आहे. मावशीला मात्र तपासणीला पाठव. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईतल्या दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केलेल्या तपासणीने पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांतले मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. मशीनही लागले नाही.

बाबा, ‘हे सगळे परदेशातल्या बायकांचे’ असे तुम्ही म्हणाल, म्हणून टाटाचाच आणखी एक अभ्यास. ऑपरेशनच्या आधी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात तेच बधिर करण्याचे इंजेक्शन, टोचले. भारतातल्या 11 केंद्रांत 1,600 स्त्रियांवर हे झाले. पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी शेकडा 90 जणी हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी शेकडा 86. औषध शंभर रुपयांच्या आतले. असा निकाल दुसऱ्या कोणी पडताळून पाहिलेला मला आवडला असता, पण अपाय नगण्य आहे, तेव्हा आपल्या सर्जनना याबद्दल जरूर विचारा.

ऑपरेशननंतर काढलेल्या भागाला बाहेरून शाई लावून तो तपासतात. शाईला कॅन्सरची पेशी चिकटलेली नसली की कडा स्वच्छ. चिकटलेली असली तर पुन्हा थोडे काढावे लागते. तसे झाले तर मामांना लगेच फोन करू नका, आधी मला करा. मंगळवारी जाताना जुन्या मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रेच्या) फिल्म, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड बरोबर घ्या. मी सोमवारी हुतात्मा एक्सप्रेसने निघते. रात्री उशीर होईल, स्टेशनवर येऊ नका, रिक्षा करून येईन.

तुमची,
सुनीता

ता. क. आई, पत्र काकूंना वाचायला दिलेस तरी चालेल, सोफ्याचे वाक्य तेवढे झाकून.