वनमंत्र्यांना खुले पत्र: थकलेल्या हत्तींना महाराष्ट्रातच घर द्या

प्रति,
माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, म्हणजे सगळ्या शिरोळ तालुक्याची माधुरी, न्यायालयाच्या आदेशानं गुजरातेत जामनगरच्या वनतारा या खासगी प्राणी केंद्रात गेली. तेव्हा पुण्यात आमच्या घरी दोन दिवस कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. माझ्या सासूबाईंचं माहेर जयसिंगपूरचं. माहेरी गेल्या की नांदणीला जाऊन हत्तिणीला केळी भरवून यायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. निरोपाची गर्दी त्या मोबाईलवर बघत होत्या आणि डोळ्यांना पदर लावत होत्या. माझी नऊ वर्षांची मुलगी शेजारी बसून विचारत होती, "आजी, तिचे पाय दुखत होते म्हणून नेलं ना? मग तू का रडतेस?"

मला तेव्हा दोघींचंही पटत होतं आणि दोघींनाही काय सांगावं ते सुचत नव्हतं.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आग्रा-मथुरेला गेलो. सासूबाईंना वृंदावन करायचं होतं, मुलीला ताजमहाल बघायचा होता. या दोन गावांच्या मधे, फराहजवळ, वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचं हत्तींचं केंद्र आहे. ते २०१० मध्ये सुरू झालं आणि २०१८ मध्ये तिथंच हत्तींसाठी स्वतंत्र रुग्णालय झालं. सर्कशीतून, लग्नाच्या वरातींतून, रस्त्यावर भीक मागण्यातून सोडवलेले हत्ती तिथं आहेत. मुलीनं हट्टच धरला म्हणून आधी वेळ ठरवून आम्ही तिथं सकाळ घालवली.

काय पाहिलं ते सविस्तर सांगते, कारण माझी मागणी त्यातूनच आली आहे.

आत शिरताच सांगितलं गेलं की हत्तीला हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, जोरात बोलायचं नाही. सासूबाईंच्या पिशवीत डझनभर केळी होती, ती गाडीतच राहिली. त्या थोड्या हिरमुसल्या. एक म्हातारी हत्तीण अंगावर माती उडवत उभी होती. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. दुसरी एक तिच्याजवळ होती आणि मधूनमधून सोंड लांबवून तिला चाचपत होती. आमच्याकडे दोघींनीही लक्ष दिलं नाही. अर्धा तास आम्ही फक्त उभे होतो, आणि माझी सतत बडबडणारी मुलगी त्या अर्ध्या तासात एक शब्द बोलली नाही.

मग पायांचे उपचार पाहिले. हत्तीण कठड्याच्या पलीकडे, माणूस अलीकडे. त्यानं हाक मारली की ती आपणहून पाय उचलून कठड्यावर ठेवी आणि बदल्यात खाऊ मिळवी. अंकुश कुणाच्याच हातात नव्हता. तळवा धुऊन, नखांमधला मळ काढून, औषध लावेपर्यंत ती उभी राहिली. कंटाळली तेव्हा पाय काढून घेतला आणि निघून गेली. कुणी तिला अडवलं नाही.

जंगलात हत्ती मऊ मातीवर दिवसभर चालतो, त्यामुळे त्याची नखं आणि तळव्याची कातडी आपोआप झिजत राहते. डांबरावर चालवला किंवा सिमेंटवर साखळीनं बांधून ठेवला, की तळवा सोलवटतो, नखं चिरतात, त्यात पू होतो आणि तो हाडापर्यंत पोहोचतो. तीन-चार टनांचा प्राणी पाय दुखतो म्हणून बसून राहू शकत नाही. सासूबाईंनी त्या हत्तिणीची फुटलेली नखं कठड्याजवळून नीट पाहिली आणि म्हणाल्या, "आपल्या महादेवीचीबी अशीच होती." परतताना गाडीत बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "आपल्याकडं का नाही गं असलं काही?"

महोदय, हाच प्रश्न तुम्हाला विचारायचा आहे.

मुंबई उच्च न्यायालयानं हत्तिणीच्या बाजूनं निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. तो निकाल मला योग्यच वाटतो. तरीही हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी गेली. त्यांना अडाणी म्हणणारे लोक पुण्यात मला पुष्कळ भेटले, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं. त्या माणसांचं हत्तिणीवर प्रेम होतं, आणि ती बरी होण्यासाठी त्यांना दाखवलेली जागा परराज्यात, शेकडो किलोमीटर दूर होती. २०१४ मध्ये जोतिबा देवस्थानचा सुंदर हत्ती असाच बंगळूरुजवळच्या बन्नेरघट्टाला गेला. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या कमलापूर कॅम्पातले हत्ती गुजरातला न्यायचं घाटत होतं, ते गडचिरोलीकरांनी विरोध करून थांबवलं. हत्ती आजारी पडला, म्हातारा झाला, की महाराष्ट्रानं त्याला दुसऱ्या राज्याच्या हवाली करायचं, असंच चाललं आहे.

असं केंद्र चालवणं तुमच्या खात्याला अजिबात नवं नाही. आमच्याच जिल्ह्यात, जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. उसात सापडलेले, विहिरीत पडलेले, जखमी बिबटे तिथं सांभाळले जातात, आणि ते वन विभाग याच वाइल्डलाइफ एसओएसच्या साथीनं चालवतो. बिबट्यांसाठी जे जमलं ते हत्तींसाठीही जमेल.

कमलापूर तर तुमच्या हातातच आहे. राज्यातला तो सरकारी हत्ती कॅम्प. तिथं दर हिवाळ्यात हत्तींच्या पायांना जडीबुटीच्या काढ्याचं चोपिंग, म्हणजे शेक, करतात आणि तेवढे दिवस पर्यटकांना आत घेत नाहीत. ही रीत तिथल्या माहुतांची आणि चारा कटरांची. पायांचं दुखणं त्यांना पुस्तक न वाचता कळतं. अशा माणसांच्या हाताशी पूर्ण वेळ पशुवैद्य, क्ष-किरण यंत्र आणि डुंबायला मोठं तळं दिलं, तर कमलापूरचं रूप बदलेल. नांदणी परिसरात पुनर्वसन केंद्राचा प्रस्तावही नंतर पुढे आला. तो कुणाच्याही पैशानं उभा राहो, त्याचे नियम सरकारनं ठरवावेत आणि ते आम्हाला वाचायला मिळावेत.

नियमांवर मी जोर देते आहे, कारण नुसत्या पाटीनं फसलेल्यांपैकी आम्हीही आहोत. तीन वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका सहलीत 'हत्ती संवर्धन केंद्र' अशी पाटी बघून आम्ही मोठ्या विश्वासानं आत गेलो होतो. आत पैसे भरून हत्तीला अंघोळ घालायची, त्याच्या पाठीवर बसून फोटो काढायचा. हत्तीच्या कानामागे जखम होती आणि तिच्यावर हळद दाबून लावलेली होती. माझ्या मुलीचा त्या हत्तीवर बसलेला फोटो आमच्या दिवाणखान्यात होता. मथुरेहून आल्यावर तिनंच तो काढून ठेवला. लहानपणी पेशवे पार्कात मीसुद्धा हत्तीवर बसले आहे, डेक्कनला भर उन्हात डांबरावर उभ्या असलेल्या हत्तीच्या सोंडेत रुपया ठेवून डोक्यावर आशीर्वाद घेतला आहे. ते गणपतीचंच रूप, असं घरी शिकवलं होतं. त्याचे पाय भाजत असतील हे कुणी सांगितलं नाही.

म्हणून ज्या जागेला सरकार केंद्र किंवा निवारा म्हणेल, तिथं स्वारी नको, अंघोळीचा खेळ नको, पिल्लं जन्माला घालणं नको, रात्रंदिवस साखळी नको. सुरुवात तुमच्या खात्यापासून व्हावी. मेळघाटात कोलकासला वन विभागच पर्यटकांना हत्तीवरून फिरवत आला आहे. सरकारी हत्तीच्या पाठीवर हौदा असताना खासगी मालकाला कोणत्या तोंडानं अडवणार?

कायद्याचीही निकड आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं धार्मिक 'किंवा अन्य कोणत्याही' कारणासाठी पाळीव हत्तीची ने-आण करायला वाट मोकळी झाली आणि २०२४ मध्ये तिचे नियमही आले. परवानगीचा कागद शेवटी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या टेबलावर येतो. मालकाला हत्ती झेपत नसेल तर तो पुढच्या मालकाकडे जाण्याऐवजी आपल्याच राज्यातल्या निवाऱ्यात जावा, हा पर्याय त्या टेबलावर असायला हवा. २०१० पासून हत्ती हा राष्ट्रीय वारसा प्राणी आहे. त्याच्या म्हातारपणाची सोय ही त्या मानाची पहिली गरज आहे.

खर्चाचं म्हणाल, तर मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो, हे मला ठाऊक आहे. मथुरेला आम्ही शुल्क भरलं ते आनंदानं भरलं. महाराष्ट्रात भरायला तर पुण्यातून गाड्या भरून माणसं येतील, आणि लांब उभं राहून बघायचं असतं हे मुलंच आपल्या आईबापांना शिकवतील.

सासूबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. जामनगरचा प्रवास त्यांना झेपणार नाही. महाराष्ट्रात असं केंद्र झालं आणि महादेवी तिथं आली, तर कुंपणाबाहेर उभं राहून तिला बघायची त्यांची तयारी आहे. केळी न्यायची नाहीत, हे त्यांनी नातीला कबूल केलं आहे.

आपली,
सिंहगड रस्ता, पुणे येथील एक नागरिक