समुपदेशकांना ‘ऑफ तासा’वर पाठवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की विभागीय मंडळाने नेमलेल्या समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक वर्तमानपत्रांतून छापून येतात आणि निकाल लागला की हा विषय पुढच्या हंगामापर्यंत बासनात जातो. त्या क्रमांकांचा उपयोग नाही असे मला म्हणायचे नाही. परंतु दक्षिण नागपुरातील एका अनुदानित शाळेत ३१ वर्षे शिकवून निवृत्त झाल्यावर एवढे खात्रीने सांगू शकते की, मुलाची अडचण परीक्षेच्या महिन्यात सुरू झालेली नसते आणि सातवी-आठवीतले मूल आपण होऊन असा फोन लावीत नाही.

माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आमच्या संस्थेने स्वतःच्या खर्चाने एक समुपदेशक तासिका तत्त्वावर नेमल्या होत्या. संस्थेच्या शाळा तीन, त्यामुळे आमच्या वाट्याला त्या मंगळवारी आणि शुक्रवारी येत. त्याच वर्षी सातवीतल्या एका मुलीचे पोट अधूनमधून दुखत असे. दोनदा डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, आजीने दृष्टही काढली. समुपदेशकबाईंनी काय केले, तर वर्गाचा हजेरीपट आणि वेळापत्रक शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. पोट दुखायचे ते सोमवारी आणि गुरुवारी, आणि त्याच दोन दिवशी दुसऱ्या तासाला इंग्रजीच्या उताऱ्याचे प्रकटवाचन असे, हजेरी क्रमांकाप्रमाणे एकेकाने उभे राहून. तो तास माझाच होता, हे कबूल केले पाहिजे. मुलगी हुशार होती, पाठांतर उत्तम होते, म्हणून तिला अक्षरे नीट लावता येत नाहीत हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

अध्ययन अक्षमतेचा संशय घेऊन तिच्या आईला बोलावले, तेव्हा ती माउली पहिल्यांदा एवढेच म्हणाली, ‘‘माह्या पोरीले काई येड लागलं काय, म्याडम?’’ हा प्रश्न शिक्षकाला विचारला असता तर आम्ही ‘तसं काही नाही’ म्हणून वेळ मारून नेली असती. समुपदेशकबाई तिच्याशी तासभर बोलत बसल्या. पुढे शासकीय रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले आणि दहावीला त्या मुलीला नियमानुसार तासामागे २० मिनिटे जादा मिळाली. मला मात्र दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्यांच्या सांगण्यावरून मी प्रकटवाचनाआधी मुलांना जोडीने हळू आवाजात वाचायला देऊ लागले, तेव्हा आजवर मान खाली घालून बसणारी आणखी पाच-सहा मुले वाचायला उभी राहू लागली. त्यांपैकी एकही समुपदेशकाच्या खोलीत गेलेले नव्हते. आमच्या शिक्षक-कक्षात ‘ढ’ हा शब्द त्या वर्षानंतर क्वचितच ऐकू आला.

आता या बाईंना आम्ही कसे वागवले तेही लिहिते. कोणी शिक्षक रजेवर असला की मंगळवारचा ऑफ तास हमखास त्यांच्या नावावर पडे. तिसऱ्या तासाला ज्या बाईंनी आठवी ‘ब’ला डस्टर आपटून गप्प बसवले, त्यांच्याकडे चौथ्या तासाला त्याच वर्गातला मुलगा घरचे दुखणे सांगायला कसा जाईल? त्यांची खोली म्हणजे जुने नकाशे आणि फुटका पृथ्वीगोल ठेवण्याची अडगळ होती, तीही मुख्याध्यापकांच्या दालनासमोर, म्हणजे कोण आत गेले ते सगळ्या शाळेला दिसावे. त्यातच मस्ती करणाऱ्याला ‘जा, समुपदेशकांकडे बैस’ असे फर्मावण्याची आम्हाला सवय लागली आणि त्या खोलीत जाणे ही शिक्षा ठरली.

मुलाने काय सांगितले याची चौकशी आम्ही शिक्षक हक्काने करीत असू. समुपदेशकाचे सारे काम मुलाच्या विश्वासावर उभे असते आणि त्या विश्वासाच्या मर्यादाही त्यालाच मुलाला आधी सांगाव्या लागतात. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर २०१२च्या पॉक्सो कायद्यातील कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि मुलाच्या जिवाला धोका असेल तर पालकांना विश्वासात घ्यावेच लागते. एवढे सोडून बाकी गोष्टी त्या खोलीतच राहिल्या पाहिजेत, त्यांचे शिक्षक-कक्षातल्या चहाबरोबर चर्वण होता कामा नये.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणम येथील ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले आहेत. हे निर्देश कोचिंग क्लासेसनाही लागू आहेत. टायअप कॉलेजात अकरावीचा प्रवेश नावापुरता घेऊन दिवसभर क्लासमध्ये बसणारी मुले आपल्या शहरात काही थोडीथोडकी नाहीत, आणि त्यांची विचारपूस कॉलेजने करायची की क्लासने, हा प्रश्न त्या मुलांच्या पालकांनीही विचारायला हवा.

अनुदानित शाळेची अडचण निराळी आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभराहून अधिक मुले असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे, समुपदेशकाची नाही. आमच्या शाळेच्या संचमान्यतेतही, म्हणजे शासनाने मंजूर केलेल्या पदांच्या यादीतही, ते पद कधी नव्हते. संस्थेने मानधन बंद केले त्या जूनपासून मंगळवारी आणि शुक्रवारी ती खोली कुलूपबंद राहू लागली.

हिवाळी अधिवेशनासाठी सरकार दरवर्षी आपल्याच शहरात मुक्कामाला येते. विदर्भातील आमदारांनी त्या वेळी हे पद संचमान्यतेत आणण्याची मागणी लावून धरावी, आणि लहान शाळांसाठी निदान केंद्रनिहाय, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटामागे, एक पूर्णवेळ समुपदेशक मागावा. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक शाळेच्या दर्शनी भागात लिहायला तर निधीही लागत नाही.

पदे मंजूर होतील तेव्हा होतील. ज्या शाळांत आज समुपदेशक आहेत, तेथील मुख्याध्यापकांनी शासननिर्णयाची वाट न पाहता एवढे करावे की, सकाळी ऑफ तासांची वही भरताना त्यात त्यांचे नाव लिहू नये.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर