जुन्या मीटरगेजचे फोटो कपाटातनं बाहेर काढा

मा. संपादकसाहेब, स.न.वि.वि.

दिवाळीत तुमच्या पेपरात गल्लोगल्लीच्या किल्ल्यांचे फोटो येतात, पन्हाळा काय, विशाळगड काय, पोरं माती कालवून बारदान लावून असले भारी किल्ले करतात की बघत राहावं, आणि गणपतीत राजारामपुरीतले तांत्रिक देखावे बघायला तर बाहेरगावची माणसं येतात. म्हणजे मोठं जग छोट्यात उभं करायचा नाद आपल्या गावाला जुनाच आहे. पण हेच कोणी रेल्वेचं करतो म्हटलं की लोक हसतात. "या वयात आगगाडी खेळताय व्हय?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचं सोडून दिलंय. तरी हे पत्र लिहितोय, कारण एक काम आहे आणि ते तुमच्या पेपरशिवाय होईल असं वाटत नाही.

आम्ही चार-पाच जण मिळून एक रेल्वे लेआउट, म्हणजे छोट्या मापात चालत्या रेल्वेचा देखावा, करतोय. विषय मिरज-कोल्हापूर लाइनवरचं रुकडी स्टेशन, पंचगंगेवरचा पूल आणि आजूबाजूचा ऊस. पण आजची रुकडी नव्हे, १९७१ ला ब्रॉडगेज व्हायच्या आधीची, मीटरगेजची. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, मीटरगेजला ते एक मीटर. आता तुम्ही म्हणाल आजचं स्टेशन समोर आहे, जाऊन बघता येतं, फोटो काढता येतात, मग पन्नास-पंचावन्न वर्षं मागं कशाला जायचं? त्याचं कारण मापात आहे, आणि ते जरा नीट सांगतो कारण लोकांना वाटतं खेळण्याला कसलं आलंय माप.

जगात सगळ्यात जास्त चालणारा स्केल म्हणजे एचओ, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढा. त्याचे रूळ तयार मिळतात ते १६.५ मिलिमीटर गेजचे. १६.५ ला ८७ नं गुणा, १४३५ येतं, म्हणजे युरोप-अमेरिकेचं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला ८७ नं भागलं की सव्वाएकोणीस येतं. म्हणजे तयार रुळावर आपली महालक्ष्मी किंवा कोयना एक्सप्रेस उभी केली की खालचा रूळ पावणेतीन मिलिमीटर अरुंद. कागदावर हे काहीच वाटत नाही पण समोरून बघितलं की डबा मोठा आणि पाय बारीक असं काहीतरी दिसतं, आणि एकदा ते डोळ्यात बसलं की बसलं. मीटरगेजला मात्र गणित जुळतं. १००० भागिले ८७ म्हणजे साडेअकरा, आणि स्विस मीटरगेज गाड्यांसाठी १२ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार आहेत. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. तो आम्ही मान्य केलाय, एवढ्यावरनं भांडणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजून ग्रुपमध्ये घेऊ.

दुसरं म्हणजे जागा. मिरज-कोल्हापूर साधारण ४८ किलोमीटर, तेवढं सगळं एचओत करायचं म्हटलं तरी साडेपाचशे मीटर लांब हॉल लागेल. आमच्याकडं आहे एका मित्राच्या गच्चीवरची खोली. आजची २४ डब्यांची गाडी एचओत पावणेसहा मीटरच्या पुढं जाते, तीसुद्धा इंजिन सोडून. मीटरगेजची पाच डब्यांची पॅसेंजर इंजिनासकट दीड मीटरच्या आत बसते आणि तरी ती खरी वाटते. वळणाचं तसंच. दुकानात मिळणारं १८ इंची वळण खऱ्या मापात चाळीस मीटरच्या आसपास येतं, असल्या वळणावर लांब डबा कडेला एवढा बाहेर लटकतो की प्लॅटफॉर्मवरची माणसं उडवतो. म्हणून जो कोणी नवीन सुरू करणार असेल त्याला माझा सल्ला एकच, आधी रूळ घेऊ नका, आधी ठरवा की काय सोडून द्यायचं. आम्ही स्टेशन आणि पूल यांच्यातलं अंतर आखडून घेतलंय, लूप, म्हणजे गाडी बाजूला घ्यायचा जादा रूळ, एकच ठेवलाय, आणि मिरजेकडची बाजू उसात शिरून दिसेनाशी होते.

बाय द वे, ही लाइन सुरू झाली १८९१ ला. १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते पायाभरणी आणि तीन वर्षांत गाडी आली. आणि गंमत म्हणजे त्याच १८९१ साली जर्मनीत लाइपझिगच्या जत्रेत मार्कलिन कंपनीनं ठरावीक गेजची, तुकडा तुकडा जोडून वाढवत नेता येईल अशी चावीची रेल्वे मांडली. म्हणजे आमचा नाद आणि कोल्हापूरची रेल्वे एकाच वयाची.

बरं, सामान कुठनं आणता हा दुसरा नेहमीचा प्रश्न. रूळ, सांधे (गाडी एका रुळावरनं दुसऱ्यावर नेणारे), मोटर बाहेरनं येतात, ते महाग आहे, कस्टम आणि कुरिअर धरलं की अजून महाग. पण बाकीचं सगळं या जिल्ह्यात होतं हे मी छातीठोक सांगतो कारण मी स्वतः शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलंय. वायपी या मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनाचं मोठं चाक साडेचार फुटी, एचओत ते पावणेसोळा मिलिमीटर. चाकाच्या कडेचा फ्लँज, म्हणजे चाक रुळावर धरून ठेवणारी उंच कड, अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या एनएमआरए संस्थेनं दिलेल्या आरपी-२५ या घाटाप्रमाणे काढायचा, खोली जेमतेम ०.६४ मिलिमीटर, आणि त्याच्या मुळाशी गोलाई पाहिजे, काटकोन राहिला की गाडी सांध्यावर चढलीच म्हणून समजा. शिवाय एका बाजूचं चाक आणि आक्सल यांच्यात प्लॅस्टिकचा बुश घालून वीज तोडावी लागते, कारण १२ व्होल्ट दोन्ही रुळांतनंच येतात आणि सगळं धातूचं ठेवलं तर चाकातनंच शॉर्ट. हे काम उद्यमनगरातला कुठलाही चांगला टर्नर करेल. सेमाफोर, म्हणजे हात वर-खाली होणाऱ्या जुन्या सिग्नलचे खांब आणि हात पितळेचे केलेत, ते हुपरीच्या एका चांदी कारागिरानं जोडून दिले. पैंजणाला घुंगरू डाग देऊन बसवणाऱ्या माणसाला सिग्नलची शिडी म्हणजे काहीच नाही, त्यानं पायऱ्या अशा काही बसवल्या की भिंग लावून बघितलं तरी डागाचा गोळा दिसत नाही. आमच्या सोल्डरिंगनं तसं सात जन्मात झालं नसतं. प्लॅटफॉर्मवरची माणसं एका कुंभारानं शाडूची करून दिलीत, दोन सेंटिमीटरचा माणूस आणि त्याला फेटा, नाद खुळा काम.

खडीचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यात गेला आणि त्यात एक भानगड आहे जी परदेशी पुस्तकं वाचून पटकन लक्षात येत नाही. रुळाखालचा खरा खडा ५०-६० मिलिमीटरचा, एचओत तो पाऊण मिलिमीटरच्याही आत येतो. बाहेरची तयार खडी मिळते पण ती करडी, आपली काळी. मग क्रशरवरची कच आणली, आधी मैद्याच्या चाळणीतनं, मग चहाच्या गाळणीतनं चाळली, धुऊन वाळवली. रंग एकदम आपल्या लाइनसारखा. पण आपला काळा दगड बेसाल्ट, त्यात लोहचुंबकी खनिज असतं. कागदावर कच पसरा आणि खालनं लोहचुंबक फिरवा, दाणे केसासारखे उभे राहतात. हे दाणे तसेच ठेवले तर इंजिन वरनं जाताना मोटरचा चुंबक त्यांना ओढून घेतो, ते गिअरमध्ये जातात आणि मोटर बसते. म्हणून कच पातळ पसरून पिशवीत गुंडाळलेला लाउडस्पीकरचा जुना चुंबक वरनं परत परत फिरवायचा, काही चिकटायचं थांबेपर्यंत. मग ब्रशनं रुळांमध्ये पसरायची, स्प्रेनं ओली करायची, आणि अर्धं फेव्हिकॉल अर्धं पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब असं औषधाच्या ड्रॉपरनं सोडायचं. लिक्विड नसेल तर फेव्हिकॉलचा थेंब वरच गोळा होऊन बसतो, खाली उतरत नाही. रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी रुळाचा माथा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा, पॉलिश पेपर मारू नका, चरे पडतात आणि त्या चऱ्यांतच घाण बसते.

लेआउटखालच्या प्लायवूडचं एक, आपल्याकडचा पाऊस. फळीला दोन्ही बाजूंनी आणि कडांनी रंग द्या, नाहीतर जुलैमध्ये फळी पोट काढते आणि रूळ मोडतात. बस, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

आता ऊस. साडेतीन मीटरचा ऊस म्हणजे चार सेंटिमीटर. काथ्याची दोरी उसवून, रंगवून, झुपके करून लावला. त्यावर तुरा दाखवायचा असं ठरलं, सावरीच्या कापसाचा, लई देखणा झाला. पण तुरा आला म्हणजे दिवाळीनंतरचे दिवस आले, म्हणजे गुऱ्हाळ पेटलेलं पाहिजे, बैलगाडीत ऊस पाहिजे, माणसाच्या अंगावर घोंगडं चालेल, आणि नदीचं पाणी गढूळ चालणार नाही. इथं खरी गोम आहे. पावसाळ्यातली पंचगंगा करायला सोपी, चहाच्या रंगाचं रेझिन ओतलं की झालं, तळ दाखवायलाच नको. हिवाळ्यातल्या नदीला तळ आधी रंगवावा लागतो, कडेला फिकट आणि मधे गडद, आणि मग रेझिन तीन-चार मिलिमीटरच्या थरांनी, एक थर पूर्ण वाळल्यावर दुसरा. एकदम ओतलं की ते तापतं, बुडबुडे धरतं. एका तुऱ्यापायी एवढं सगळं वाढलं. पण तुरा ठेवून खाली गढूळ पाणी ओतलं असतं तर या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्यानं दारातनंच ओळखलं असतं, आणि मला विचाराल तर लेआउटची परीक्षा घेणारा खरा माणूस तोच, रेल्वेवाला नव्हे.

काळाचंही तसंच. १९७१ च्या आधीच्या सीनमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची नको, मोबाइल टॉवर नको, रुळावर विजेची वायर नको. तारायंत्राचे खांब पाहिजेत. स्टेशनची पिवळी पाटी, काळी अक्षरं आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची.

आणि इथंच काम अडलंय, संपादकसाहेब. पैशानं नव्हे. त्या काळचे जे थोडे फोटो हाताला लागतात ते काळे-पांढरे. त्यात भिंत दिसते पण भिंतीचा रंग दिसत नाही. डब्याचा तांबडा कुठला तांबडा हे त्यात कळत नाही. बरं, लोक फोटो काढायचे ते इंजिनाचे नाहीतर हार घातलेल्या पाहुण्यांचे. पाण्याचा नळ कुठं होता, बाकड्याची पाठ लाकडी होती की लोखंडी, पुलाच्या खांबांच्या दगडांची घडण, मालधक्क्यावर गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, थप्पी कशी लावायचे, फाटकाजवळच्या खोलीवर कौलं होती की पत्रा, असलं कोणी मुद्दाम टिपत नाही. ते फोटोच्या कोपऱ्यात चुकून येतं. नवरा-नवरी गाडीत बसताना काढलेल्या फोटोत मागं सिग्नल असतो, शाळेच्या सहलीच्या फोटोत प्लॅटफॉर्मची कड असते. घरच्यांना त्यात आत्या दिसते, आम्हाला आत्याच्या मागचा खांब पाहिजे.

आणि फोटो नसेल तर माणूस चालेल. मीटरगेजनं मिरजेला कॉलेजला जाणारे, हातकणंगल्याच्या बाजाराला जाणारे, रेल्वेत गँगमन, पॉइंट्समन, फायरमन म्हणून नोकरी केलेले, ज्यांनी ते डोळ्यांनी बघितलंय ते आज सत्तरीच्या पुढं आहेत. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून आहे, हॅम्बुर्गला २००१ ला सुरू झालेला एचओ लेआउट बघायला जगभरातनं लोक जातात, पण रुकडीच्या पाण्याच्या टाकीचा रंग त्यातल्या कोणालाच विचारता येत नाही, तो इथल्याच कोणाच्या तरी आजोबांना विचारावा लागेल.

तर विनंती अशी की रविवारच्या पुरवणीत एक कोपरा द्यावा आणि वाचकांना आवाहन करावं, मिरज ते कोल्हापूर मधल्या कुठल्याही स्टेशनचा १९७१ आधीचा फोटो असेल तर तुमच्या ऑफिसकडं पाठवा म्हणून. जयसिंगपूर, हातकणंगले, वळिवडे, कुठलंही चालेल, एका लाइनवरच्या वस्तू बऱ्याचदा एकसारख्याच असतात. छापलेत तर अजून चांगलं, कारण एक फोटो छापला की दुसऱ्याला आठवतं. मूळ फोटो कोणी देऊ नका, अल्बममधनं काढतानाच फाटतात, आहे तिथंच ठेवून उजेडात मोबाइलवर काढा, वरनं सरळ, फ्लॅश बंद करून, आणि निघत असेल तर मागची बाजूपण काढा, तिथं पेनानं तारीख लिहिलेली असते. फोटो कोपऱ्यात कापू नका, चेहऱ्यापुरता तर अजिबात नको. किल्ल्यांच्या स्पर्धेत रेल्वेचा एक गट ठेवावा असंही मनात आहे, पण ते पुढच्या पत्रात.

माझा पत्ता आणि फोन या पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिलाय, तो छापू नये. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी आम्ही येऊ, रंगाचं शेडकार्ड घेऊन येऊ, त्यांनी फक्त बोट ठेवायचं.

आपला,
उद्यमनगरातला एक टर्नर,
राजारामपुरी, कोल्हापूर